चांदोलीच्या जंगलातलं घर

लग्न झालं त्या वर्षी माझ्या मैत्रिणी एकेक करून महाबळेश्वरला जाऊन आल्या. आम्ही सांगलीत विश्रामबागेत एका खोलीत राहत होतो. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. हॉटेल, टॅक्सी हे काही आम्हाला झेपणारं नव्हतं. एकदा ह्यांनी जरा बिचकतच विचारलं, चांदोलीच्या जंगलात येशील का? एसटीनं जाऊ आणि चालत फिरू. मी जंगल कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून लगेच हो म्हटलं.

दिवाळीनंतरच्या थंडीत पहाटेची गाडी धरली. इस्लामपूरला, मग शिराळ्याला गाडी बदलून धरणाजवळच्या गावात उतरलो. पिशवीत चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली. अभयारण्याच्या नाक्यावर रखवालदारानं सांगितलं, जीप असेल तरच आत जाता येईल, नाहीतर सोबत माहीतगार माणूस हवा. जीप आम्ही कुठून आणणार?  मला इतक्या लांब आणून तसंच परत न्यायचं, याची ह्यांना लाज वाटत होती.

तिथं खाकी स्वेटर घातलेले एक साठीचे गृहस्थ विळ्यानं गवत काढत होते. फौजेतून निवृत्त होऊन ते आता नाक्यावर रोजंदारी करत होते. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं, रखवालदाराला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि आमच्याकडे आले.

"चालणं हुईल का? लांब हाय," एवढंच म्हणाले.

दोन तास चाललो. ते पुढं, मी मधे, हे मागं. शेकरू या झाडावरून त्या झाडावर उडी मारताना त्यांनी दाखवलं. एका खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते. मी त्यांवर हात ठेवला, तर माझा पंजा त्यात मावला.

मग झाडी विरळ झाली आणि त्यांनी हातानं थांबायची खूण केली. समोर उतारावर सात-आठ गवे चरत होते. एवढं मोठं जनावर इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते. ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. गव्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि ते सावकाश झाडीत निघून गेले.

"ही आमची भातखाचरं," ते हळूच म्हणाले.

तेव्हा कळलं. अभयारण्यासाठी उठवलेल्या गावांतलं एक त्यांचं गाव होतं. ते नाक्यापलीकडच्या पुनर्वसन वसाहतीत राहायला गेल्याला काही वर्षं झाली होती. नोकरी नाक्यावर असूनही ते इथवर परत कधी आले नव्हते. एकट्यानं यायला पाय उचलत नाही, म्हणाले.

थोडं पुढं गवतात एक दगडी जोतं होतं. त्यांनी वहाणा काढल्या, पायरीवरचा पाला हातानं झाडला आणि मला म्हणाले, "बसा बाई. पाव्हणं आलाय तुमी."

आम्ही तिथंच जेवलो. त्यांनी पहिला घास चूल होती त्या कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. 

परत येईपर्यंत शेवटची एसटी गेली होती. त्यांनी आम्हाला वसाहतीतल्या घरी नेलं. त्यांच्या पत्नीनं गरम भात-आमटी वाढली आणि मला आपली शाल दिली. घर कसं हाय, तिनं हळूच विचारलं. जोतं शाबूत आहे, पायरीवर बसून जेवलो, असं मी सांगितलं. ती रडली, मग हसली आणि माझ्या पानात आणखी भात वाढला. सकाळी ह्यांनी पैसे पुढं केले तर त्या दोघांना वाईट वाटलं, म्हणून परत खिशात घातले.

दोनेक वर्षांनी, मला शाल देणाऱ्या त्या बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन सांगलीला व्हायचं ठरल्याचं पत्र आलं. ह्यांनी हट्टानं दोघांना आमच्याकडेच उतरवलं. चार दिवस आम्ही चौघं त्या एका खोलीत होतो. मी बाईंच्या डोळ्यात औषध घालायचे, जेवण वाढायचे. त्यांनी तेवढं करू दिलं, याचं मला फार बरं वाटलं.