स्कूल व्हॅनमधलं बिऱ्हाड

माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालकांच्या सहीसाठी एक रेघ होती आणि आठ दिवस ती कोरीच होती.

मी बीएस्सीला भूगर्भशास्त्र घेतलंय. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजातली कुठली गोष्ट साधी आणि कुठली गंभीर, हे घरच्यांना कळत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नीट कळत नाही. आई शेजारी सांगते, "ती दगडांचं शिकते." ते काही चूक नाही. दुसऱ्या वर्षी दहा दिवस डोंगरात तंबूत राहून दगड बघावे लागतात, वहीत काढावे लागतात. फॉर्म त्याचाच होता; त्याशिवाय हा विषय पुढे घेता येत नाही. मला तो घ्यायचा होता. का, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, पण घ्यायचा होता.

"दहा दिवस पोरगी उघड्यावर झोपणार?" आई म्हणाली. "नाही म्हणजे नाही. दुसरा विषय घे."

पप्पा स्कूल व्हॅन चालवतात. सकाळी सुदामा नगरच्या गल्ल्यागल्ल्यांतून मुलं गोळा करायची, दुपारी ज्याच्या त्याच्या दारात सोडायची. माझ्या आजवरच्या सगळ्या फॉर्मांवर त्यांचीच सही आहे. मला वाटलं, हाही ते गुपचूप करून टाकतील. त्यांनी फॉर्म पूर्ण वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"हा तुझी आई सही करेल. मी केली तर तू तिकडं झोपशील आणि ही इकडं दहा रात्री जागेल. मग मला पण जागवेल." मग ते म्हणाले, "आपण सगळेच जाऊन बघू ना एकदा. उघड्यावर झोपतात म्हणजे काय करतात ते. दिवाळीची सुट्टी आहे, गाडी उभीच आहे."

आई नको म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चला. मग मी तिथंच दाखवते, का नाही म्हणते ते."

पप्पांनी व्हॅनची मागची बाकं काढली, फळ्या टाकल्या, त्यावर गाद्या घातल्या. खिडक्यांना आईच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. माझी धाकटी बहीण नववीत आहे. तिने फोनवर परदेशातल्या गाड्या पाहिल्या होत्या, आत ओटा आणि पलंग असलेल्या.

"पप्पा, ह्याला आरव्ही म्हणतात, आरव्ही!"

"आपल्याकडं ह्याला एमपी झिरो नाइन म्हणतात," पप्पा नंबरप्लेटकडे बोट करत म्हणाले. "उतर खाली, गादी मळते."

टपावर आईने डाळीचं पातेलं, परात, कणीक, तूप आणि गोणीभर कंडे चढवले. कंडे म्हणजे शेणाच्या गोवऱ्या. बाहेर जायचं आणि दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, करायचे नाहीत, हे आमच्या माळव्यात कुणाला पटत नाही. कॅम्पिंग वगैरे आत्ता आलं, पण शेतावर जाऊन बाफले खायची गोठ, म्हणजे वनभोजन, आईच्या लहानपणापासून आहे.

निघालो. पहिल्याच चौकात पप्पांनी सवयीने डावीकडे गाडी वळवली आणि आम्ही शाळेच्या बंद फाटकासमोर जाऊन उभे राहिलो. आत चौकीदार दाढी करत बसला होता. त्याने साबण लावलेल्या तोंडानेच हात हलवला, "भिया, सुट्टी है!"

"गाडीला सवय आहे," पप्पा म्हणाले.

महूच्या पुढे डोंगर सुरू होतात. तिथे एका शेताच्या कडेला आमचा मुक्काम होता. शेतकरी काकाजी पप्पांच्या ओळखीचे. त्यांचा नातू पूर्वी शहरात शिकायला होता, तेव्हा पप्पांच्या व्हॅनमध्ये जायचा. घर हाकेच्या अंतरावर होतं, संडास बांधलेला होता, हँडपंप होता. आईच्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं अशी पोहोचताच मिळाली, आणि ती जरा नाराज झाल्यासारखी वाटली.

मी एका कागदावर तिच्या संभाव्य प्रश्नांची उत्तरं लिहून नेली होती. साप, ताप, पाणी, मुलींचे तंबू वेगळे. तिने त्यातला एकही प्रश्न विचारला नाही. ती म्हणाली, "आणि तुला तिकडं घरची आठवण आली तर काय करशील?" ह्याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं.

संध्याकाळी डाळीच्या पातेल्यासाठी चूल मांडायची होती. मी शेताच्या बांधावरून तीन काळे दगड आणले. आईला थोडं काही सांगावं म्हणून, घाबरतच, मी म्हणाले, "आई, हा दगड कधीतरी वितळलेला होता. लाव्हा. हे सगळे डोंगर त्याचेच आहेत."

"असेल," आई म्हणाली. तिने उलथनं उचललं आणि पहिल्या दगडावर टकटक केलं. मग दुसऱ्यावर. "हा घे. हा पाट्याचा दगड. ऐक, कसा खणखणीत वाजतो. आणि हा बद्द. ह्यात भेग आहे, तापला की फुटेल. फेक तो."

"तुला कसं कळतं?"

"माहेरी, देपालपूरला, पाटा घ्यायला जायचो ना, तेव्हा माझे वडील दहा दगड वाजवून एक उचलायचे. कान माझे लावायचे. त्यांना कमी ऐकू यायचं."

पहिल्या वर्षी सरांनी हातोडी मारून हेच ऐकवलं होतं. वर्गात सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली, पण मला काही फरक ऐकू आला नव्हता. मी वही काढली.

"काय लिहिते?"

"तू आत्ता बोलली ते."

"चल, फालतू!" असं म्हणून आईने कणीक मळायला घेतली. पण मग बांधावरचे आणखी दोन दगड वाजवून दाखवले, मी न विचारता.

बाफले छान झाले. एकाच्या पोटात थोडी राख गेली, तो पप्पांनी खाल्ला. झोपताना आम्ही तिघी व्हॅनमध्ये मागे आणि पप्पा पुढच्या सीटवर. त्यांनी मागे वळून आम्हाला मोजलं. शाळेच्या मुलांना मोजतात तसंच. ते स्वतःला कधी मोजत नाहीत. "एक, दोन, तीन. ओके."

सकाळी मला जाग आली तेव्हा पप्पा बाहेर दात घासत होते. जाताना त्यांनी काचेतून आत बघून तीन मोजले होते आणि निश्चिंत झाले होते. मग चहासाठी दूध कुठं ठेवलंय ते आईला विचारायला त्यांनी दार उघडलं. आधी माझ्या डोक्याला हात लावला, मग बहिणीच्या, मग तिसऱ्या गोधडीला. गोधडीत उशी होती.

"अरे, तिसरी कुठाय?"

आई संडासात नव्हती. हँडपंपावर नव्हती. बहीण चूल बघून आली, मी बांध. पप्पांचा चेहरा उतरला होता. आणि मग पप्पांनी जे केलं ते त्यांनाच सुचू शकतं. ते ड्रायव्हरच्या सीटवर चढले आणि डोंगराच्या दिशेने दोनदा हॉर्न वाजवला. पॉम, पॉम. सुदामा नगरातली पोरं ह्या आवाजावर मोजे हातात घेऊन धावत येतात. इथे फक्त काकाजींची म्हैस उभी राहिली.

हॉर्न ऐकून काकाजींची बायको, काकीजी, बाहेर आल्या. "वा तो टेकरी पे गई," त्या वर बोट दाखवत म्हणाल्या. "म्हने तो चाय की पूछी, बोली, पेलां ऊपर जई आऊं." म्हणजे त्यांनी चहाचं विचारलं, तर आई म्हणाली होती, आधी वर जाऊन येते.

आम्ही तिघं टेकडी चढलो. म्हणजे मी आणि बहीण चढलो, पप्पा आले. वर एका सपाट कातळावर आई बसली होती. चपला बाजूला काढलेल्या, खांद्यावर शाल, पदरात पाच-सहा रानातली सीताफळं. एक खाणं चालू होतं. बिया ती कातळावर ओळीने ठेवत होती.

"अगं, निदान सांगून तरी जायचं!" पप्पांना धाप लागली होती.

"काकीजींना सांगितलं ना."

"मला सांगायचं! मी खालनं हॉर्न वाजवला."

"ऐकला. दोनदा. मी काय पाचवीतली पोरगी आहे, हॉर्न वाजला की दप्तर घेऊन पळत यायला?"

बहीण फिसकन हसली. पप्पांना हसू आलं होतं, पण त्यांनी आवरलं. "चेष्टा नको. मला उठवायचं होतं."

"उठवलं असतं तर एकटीला येऊ दिलं असतं तुम्ही?"

आईने त्यांच्या हातात एक सीताफळ दिलं. स्वतःचंच बोलणं तिला जरा उशिरा ऐकू आलं असावं. तिने माझ्याकडे बघितलं. ही माझी बोलायची वेळ होती, एवढं मला कळत होतं. पण मला धीर झाला नाही. मी बिया मोजत बसले. तेवीस होत्या.

"देपालपूरला मी अशीच रानात जायची," ती खाली शेताकडे बघत म्हणाली. "पहाटे, एकटी. कुणी विचारत पण नव्हतं." मग मला, "तो फॉर्म आणलाय का इकडं?"

फॉर्म वहीत होता आणि वही हातात. माझ्याकडे फक्त पेन्सिल होती. पेन पप्पांच्या खिशात निघालं. आईने त्या कातळावरच कागद ठेवला, आधी तळहाताने धूळ पुसली आणि सावकाश, एकेक अक्षर जोडून सही केली. शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर गेलं.

"रोज फोन करायचा."

"आई, तिथं नेटवर्क नसतं."

"मग सरांना सांग, सकाळ-संध्याकाळ मोजा म्हणून."

"आणि डोळ्यांनी नाही मोजायचं," पप्पा म्हणाले. "डोक्याला हात लावून मोजायचं. डोळ्यांनी उशी पण पोरगी दिसते."

"आणि येताना मला एक पाटा होईल असा दगड आण," आई म्हणाली. "वाजवून आण."

मी डिसेंबरात त्या दहा दिवसांसाठी गेले. घरची आठवण आली, दुसऱ्याच दिवशी. तेव्हा मी बाहेर जाऊन दगड वाजवत बसायचे. सरांनी विचारलं, काय करतेस. मी सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी हातोडी काढली आणि बाकीच्यांना बोलावलं.

परत आले तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांत गुंडाळलेला एक काळा, चपटा दगड होता. चाळीस-एक दगडांतून निवडलेला. बसमधून उतरून तो घरापर्यंत आणताना खांदा दुखून आला होता. आईने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. दगड ओट्यावर ठेवला, उलथन्याने टकटक केलं आणि कान खाली नेला. मीही कान पुढे केला.

"बद्द आहे," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी जाशील तेव्हा नीट ऐकून आण."