साक्ष द्यायला माझ्याकडे होतं काय?

बाप्तिस्मा घ्यायचा तर आमच्या मंडळीत आधी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यावी लागते. म्हणजे देवाने आपल्यात काय केलं ते सांगायचं. बायका काय एकेक साक्षी द्यायच्या हो! कुणाची गाठ विरघळलेली, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटलेली. माझा नवरा बिचारा सुपारीही न खाता गेला. राहता राहिला माझा गुडघा. म्हटलं, हा बरा झाला की झाली आपली साक्ष. प्रार्थना करून घेतली, तेल लावून घेतलं. गुडघा आपला जसाच्या तसा. मग मनात यायला लागलं, देवाने मला घेतलंच नसेल तर? नव्या जन्माच्या गोष्टी ऐकत मी नुसतीच तिथे बसून येते की काय?

भांडुपला माझं आणि थोरल्या जाऊबाईंचं घर भिंतीला भिंत लागून. मी चर्चला जायला लागले तशा त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. गणपतीत इतकी वर्षं मोदक मी वळायचे, त्या वर्षी हाकसुद्धा मारली नाही. पूर्वीची मी असते तर दारात उभी राहून अख्खी चाळ गोळा केली असती.

मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगा-सून दोघंही नोकरीला. दिवसभर डोळ्यात औषध घालायचं कोणी? मी उठले आणि गेले.

“तुका येशून धाडल्यान काय गो?”

“मीच आले. मान वर करा, वैनी.”

“माका बाटवशीत हां, थेंब घालता घालता.”

“आधी डोळा तर उघडा!”

हसल्या. पण लगेच तोंड आवळून घेतलं.

त्या रविवारी मुलगा-सून दोघांनाही सुट्टी नव्हती, म्हणून मी तिथेच. सभेची वेळ झाली आणि माझा जीव नुसता खालीवर. वैनींचा चहा उकळत होता, मी गॅसपाशी उभ्या उभ्या देवाशी बोलत राहिले. एरवी मी काही ना काही मागायलाच त्याच्याकडे जायचे. त्या दिवशी मागणं काही नव्हतं. तोच हवा होता, भुकेल्याला जेवण हवं असतं तसा.

पुढच्या सभेत पास्टरांनी विचारलं, “मावशी, तुमची साक्ष आहे का?” माझ्या मुलाच्या वयाचे ते. मी उभी राहिले. म्हटलं, “माझं काही बरंबिरं झालेलं नाही. पण जी बाई माझ्याशी बोलत नव्हती, तिच्या डोळ्यात औषध घालताना तिच्यावरचा राग शोधूनही सापडला नाही. आणि मागच्या रविवारी इथे येता आलं नाही, तर देवासाठी जीव तुटत होता. एवढंच आहे. चालेल का?”

मागच्या दोघी फिस्सकन हसल्या. पास्टर नाही हसले.

“मावशी, नवा जन्म म्हणजे आणखी काय हो?” म्हणाले. “पुढच्या रविवारी बाप्तिस्म्याला पाण्यात उतरायचं. येताना एक कोरडी साडी घेऊन या.”