काकूची आत्या होते तेव्हा

दादाच्या कॉम्प्युटर क्लाससाठी आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात कॉम्प्युटर आला. त्यावर दादानं सगळ्यात आधी शिकून घेतला तो राक्षस पकडायचा खेळ. गवतातून चालायचं, एखादं विचित्र जनावर आडवं आलं की त्याला दमवून चेंडूत कोंडायचं, मग पोसायचं आणि दुसऱ्यांच्या जनावरांशी लढवायचं. ठराविक लेव्हलला पोचलं की ते थरथरायचं, चमकायचं आणि त्याचं जास्त दांडगं असं दुसरंच जनावर व्हायचं.

हा खेळ उघडून आतून बदलता येतो, हे दादाला काचीगुड्याच्या नेट कॅफेत कळलं. तो फ्लॉपीवर लागणारे प्रोग्रॅम घेऊन आला. मी तेव्हा अकरावीत होते, चित्रं बरी काढायचे.

"जनावरं तू काढ," दादा म्हणाला.

"कसली?"

"बाहेर कायकू शोधायची? घरात काय कमी आहेत?"

नावं मराठीतच हवी होती, पण एका अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांची जागा. त्यात जोडाक्षर काही केल्या मावेना. मी इंग्रजी शाळेतली, मराठी पाटी अडखळत वाचणारी; पण त्या महिन्यात ठिपक्याठिपक्यानं जेवढं मराठी लिहिलं तेवढं जन्मात लिहिलं नव्हतं. 'काकू' छान बसली. 'आत्या'ची मात्र 'आतया' झाली.

काकू गौलीगुड्यात राहायच्या, आत्या चिक्कडपल्लीत. एका बारशाला पाळणा कुणी म्हणायचा यावरून या नणंद-भावजयींचं जे बिनसलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. एकमेकींचं नावही घेत नसत. काकू म्हणायच्या, "चिक्कडपल्ली येणार असेल तर मी येत नाही." आत्या विचारायची, "गौलीगुडा जेवून गेला का?"

खेळात दादानं काकूंना 'टोमणा' नावाचं हत्यार दिलं. आणि तिसाव्या लेव्हलला काकूची आत्या होईल, अशी व्यवस्था केली. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

एका रविवारी काकू डबाभर तांदळाच्या पिठाचे कुरकुरीत सकिनालु घेऊन आल्या आणि दादाच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. पडद्यावर भली मोठी नथ घातलेलं एक गोल जनावर होतं. खाली नाव.

"ही मी?"

दादानं पडद्यासमोर हात धरला.

"नथ झकास काढलीस ग. सरक रे, मला बघू दे."

काकू खेळायला बसल्या. टोमणा हाणून त्यांनी ओळीनं चार जनावरं लोळवली. पाचवं पडलं आणि पडद्यावरची काकू थरथरायला लागली.

"काय होतंय मला?"

"तुम्ही मोठ्या होताय," दादा म्हणाला.

'काकू ची आतया झाली!' असं आलं. काकूंनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे मी एवढी मेहनत करून, शेवटी चिक्कडपल्ली होणार?"

दादानं घाईघाईनं सांगितलं की बदल होताना एक्सचं बटण दाबलं तर तो थांबतो. ही सोय मूळ खेळातच होती. काकूंनी खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावला. मग त्या रोज दुपारी यायला लागल्या. तिसाव्या लेव्हलनंतर प्रत्येक लेव्हलला जनावर थरथरायचं आणि काकू डोळे मिटून बटण दाबायच्या.

ही बातमी चिक्कडपल्लीला पोचणारच होती. एका दुपारी आत्या दारात उभी. काकूंनी मागं वळून पाहिलं नाही. आत्या येऊन त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडं बघत राहिली. थरथर सुरू झाली, काकूंचं बोट बटणावर गेलं.

"होऊ दे की एकदा," आत्या म्हणाली. "मरत नाहीस."

"त्यापेक्षा मेलेली बरी, वन्सं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

मग आत्या एवढी हसली की तिला पलंगावर बसावं लागलं. काकूही हसल्या, पण तोंड फिरवून. आत्यानं खेळून बघायचं म्हटलं, काकूंनी तिला बटणं शिकवली. आईनं चहा टाकला.

चहा होईपर्यंत दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं: पोरं वाया चालली आहेत. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आल्यावर दोघींनी मिळून आमची तक्रार केली, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. माझी परीक्षा होईपर्यंत कॉम्प्युटरवर चादर पडली. पुढच्या बारशाला दोघी शेजारी बसल्या आणि पाळणा दोघींनी मिळून म्हटला, तोही बेसूर.