अंगारा बाहेर, हात आत

माझा देवावरचा विश्वास एका काचेपाशी डळमळला, हे लपवून काय उपयोग? सून सातव्याच महिन्यात बाळंत झाली आणि नात बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत गेली. मी नरसिंहपूरहून अंगारा आणून पदराच्या गाठीला बांधला होता. पण आत तपासणीसाठी त्या एवढ्याशा टाचेला रोज सुई टोचायचे. पोर रडली की निळी पडायची. रडून रडूनच ती जाईल, या धास्तीनं माझ्या घशाखाली घास उतरेना. नरसिंहा, खांबातून आलास, मग या काचेतून का येत नाहीस, असं मी त्याच्याशी भांडायची.

एका सकाळी पाहते तर सिस्टर तिला दोन्ही हातांनी दाबून धरतेय! माझं डोकंच फिरलं. दार ढकलून ओरडले, "अगं, जीव घेतीस का तिचा? आदी भूल तरी द्या!"

सिस्टर जराही चिडली नाही. "आजी, दाबत न्हाय, धरतीय. एवढ्या जिवाला दरवेळी भुलीचं औषध बरं न्हाय. हात धुवून या, आज तुमीच धरा." मी अंगाऱ्याची गाठ सोडू लागले, तर म्हणाली, "त्यो बाहेर ठेवा. हात तेवढे आत आणा."

राग आला, पण कोपरापर्यंत हात धुतले. तिनं सुनेच्या दुधाचे दोन थेंब बाळाच्या जिभेवर सोडले. मग माझा एक तळवा डोक्यावर ठेवला, दुसऱ्यानं पाय पोटाशी घ्यायला लावले. "थोपटू नका, हलवू नका. नुसतं धरा." जन्मभर माझे हात कधी स्वस्थ बसले नाहीत, त्यामुळं हे नुसतं धरणंच मला सगळ्यात अवघड गेलं. सुई टोचली. पोरीनं कपाळाला आठी घातली, जराशी कुरकुरली, आणि माझं बोट घट्ट धरलं. रंग गुलाबीच राहिला. मला रडू आवरेना.

आमच्याकडे पूर्वी मेंढरं होती. अवेळी जन्मलेली कोकरं मी अशीच पोटाशी धरायची. ते मी विसरले, आणि माझ्या लेकीच्या वयाची ही पोरगी दिवसभर एकेका पेटीशी उभी राहून तेच करत होती. केवढी माया, केवढा धीर!

नात घरी आल्यावर तिला अंगारा लावला आणि तिला घेऊन नरसिंहपूरला गेले. या वेळी काही मागितलं नाही, नुसती उभी राहिले. म्हटलं, देवा, माफ कर. तू आला होतास, मीच तुझ्यावर ओरडले.