साडेतीनचा पंचनामा

गुन्ह्याला सीमा नसते, म्हणून न्यायालाही सीमा नसावी. हे वाक्य मी पनवेलच्या एका पोलीस ठाण्यात, खिडकीवर टांगलेल्या फ्लेक्सवर वाचलं. शेजारच्या राज्याच्या आणि आपल्या पोलीस अधिकाऱ्यांची समन्वय बैठक खारघरच्या एका हॉटेलात झाली होती, तिथला तो फ्लेक्स. त्यावर दोन हात एकमेकांत गुंफलेले होते आणि दोन्ही मनगटांवर भारी घड्याळं होती. बैठकीनंतर तो ठाण्यात आला, कारण त्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट हवालदारांच्या डोळ्यांत यायचं. मे महिना होता. फ्लेक्स आपलं काम चोख करत होता.

मी गेले होते भाडेकरूच्या माहितीचा अर्ज द्यायला. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मागची खोली भाड्याने दिली होती. हवालदारांनी अर्ज न बघताच बाजूला ठेवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"मॅडम, पाच मिनिटं आहेत का? एक पंच कमी पडतोय."

पोलीस एखाद्या घराची झडती घेतात, तेव्हा दोन त्रयस्थ माणसांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून पंचनाम्यावर सही करायची असते. यासाठी पोलिसांना प्रतिष्ठित नागरिक हवा असतो, आणि प्रतिष्ठित नागरिकाला नेमकं त्याच वेळी काहीतरी काम निघतं. म्हणून पंच बहुतेक वेळा समोरचा चहावाला असतो. आजही एक पंच तोच होता. त्याने आयुष्यात किती पंचनाम्यांवर सह्या केल्या हे त्यालाही माहीत नव्हतं.

"वाचून सही करता का हो?" मी विचारलं.

"वाचत बसलो तर चहा कोण देणार, मॅडम?"

प्रकरण असं होतं. शेजारच्या राज्यातून एक जमादार आणि एक शिपाई आले होते. तिकडे एका कोळशाच्या भट्टीच्या मालकाची मोटारसायकल चोरीला गेली होती. त्याच सुमाराला हंगाम संपवून गावी परतलेला एक कातकरी मजूर संशयित होता. मजुराला निरोप गेला होता आणि तो आपण होऊन ठाण्यात हजर झाला होता. बाकावर बसला होता तो आणि त्याची बायको. तिच्या मांडीवर एक पिशवी होती. पिशवीत भाकऱ्या होत्या आणि त्याचा दुसरा शर्ट. नवऱ्याला घेऊन जाणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. तिकडे नेला, तर त्याला जामीन राहायला पाचशे किलोमीटरवर कोण जाणार होतं? तिच्या माहेरचं किंवा सासरचं कुणी कर्जतच्या पुढे एकटं गेलेलं नव्हतं.

जमादारांनी माझ्यापुढे छापील कागद सरकवला. सगळा मजकूर कानडीत.

"मेडम, ओन्ली सिग्नेचर."

मी म्हटलं, मला कानडी वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्यावर मी सही करत नाही. तीस वर्षं लोकांना पुस्तक उघडून तरी बघा म्हणून सांगत आले, आता या वयात पलटी खाणं बरं दिसलं नसतं. हवालदारांनी सुस्कारा सोडला. शिपायाने कागद मोठ्याने वाचायला सुरुवात केली. उच्चार अतिशय स्पष्ट होते. आम्हाला काहीही कळलं नाही. त्याचं हिंदी चार वाक्यांत संपत होतं, जमादारांचं त्याआधीच.

तेवढ्यात बाकावरून आवाज आला. "बाय, मी सांगू का? मला समजतं त्यांचं. सहा हंगाम तिकडं काडलेत."

"सहा वर्सं धूर खाल्ला तवा एक भाषा मिळाली," बायको म्हणाली. "दुसरं काय मिळालं नाय."

संशयितानेच दुभाषी व्हावं की नाही यावर नियम काय म्हणतात, हे कुणालाच सांगता येईना. दुसरा दुभाषी हजर नव्हता, एवढं मात्र सगळ्यांना दिसत होतं. हवालदारांनी त्याला खुर्ची दिली. शिपाई एक वाक्य वाची, तो ऐके आणि आम्हाला सांगे.

"यात लिवलंय, तुमी दोन पंच आमच्या वाडीला आलात."

"बरं."

"माज्या झोपडीच्या मागं गेलात. तितं ताडपत्रीखाली काळी मोटारसायकल व्हती. ती तुमी डोल्यांनी बगितली."

"मी कधी बघितली?"

त्याने शिपायाला विचारलं. शिपायाने कागदावर बोट ठेवलं.

"आजच. साडेतीनला."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजले होते. चहावाल्यानेही पाहिलं, मग स्वतःच्या मोबाइलवरही पाहून घेतलं. जमादारांना अर्थ न कळताही हवा कळली असावी.

"टाइम सेव्हिंग," ते म्हणाले. तिकडे कारकुनाने आधीच टाइप करून दिलं होतं, म्हणजे इथे खोळंबा नको.

"ताडपत्री लिवलीय का?" बायकोने नवऱ्याला विचारलं. "मंग ताडपत्री तरी देऊन जा म्हनावं. झोपडी गळते."

त्याने तेही इमानाने कानडीत सांगितलं. शिपाई हसला. जमादारांनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो थांबला.

मी हवालदारांना म्हटलं, "साडेतीनला मी जर तिथे असणार आहे, तर आता निघायला हवं."

"चला ना, मॅडम. नाहीतरी आपण निघाल्याची नोंद मी मघाशीच केली आहे."

जीप शेवटच्या गावापर्यंत गेली. पुढे वाडीला रस्ता नाही, पायवाट आहे. पायवाट हा शब्दही जरा सढळ हाताने वापरतेय. अर्धी वाट ओढ्यातल्या धोंड्यांवरून आणि अर्धी सरळ वर. संशयित पुढे, त्याच्यामागे त्याची बायको पिशवी घेऊन, मग दोन राज्यांचे पोलीस, चहावाला, आणि सगळ्यांच्या मागे मी. माझ्यासाठी सगळे थांबत होते. मी कुठल्याही दगडावर बसायचे आणि देखावा बघतेय असं दाखवायचे. देखावा खरोखरच होता. एकीकडे खारघरचे टॉवर, दुसरीकडे तळोज्याच्या चिमण्यांचा धूर.

एका सावलीला बायकोने करवंदं तोडून सगळ्यांना दिली. जमादारांनी ती आधी संशयाने आणि मग मूठभरून खाल्ली. त्यांचे ओठ आणि मिशीची टोकं जांभळी झाली. त्यांच्याकडेही करवंदं होतात, पण त्यांची आई वारल्यापासून तोडून कुणी दिली नव्हती, असं संशयिताने आम्हाला त्यांच्या वतीने सांगितलं.

पुढच्या चढावर जमादारांनी वाकून वाटेकडे नीट पाहिलं. मग संशयिताला एक प्रश्न विचारला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हनतात, हितनं मोटारसायकल कशी चढवलीस?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हनलं, मला सायकलपन येत नाय. एस्टीनं आलो."

हे जमादारांनी बहुधा तिथेच मान्य केलं. तरी ते वाडीपर्यंत चढले, याचं मला कौतुक वाटलं. झोपडीत दोन पातेली, एक कोयता, गोधड्या आणि भिंतीला अडकवलेलं मासे पकडायचं जाळं होतं. झोपडीच्या मागे अंड्यांवर बसलेली कोंबडी होती. जमादार तिच्याकडे आणि ती जमादारांकडे थोडा वेळ पाहत राहिले.

जुना कागद त्यांनी चार घड्या करून खिशात घालायला घेतला. मी तो मागून घेतला आणि फाडला. मग शिपायाने मांडी घालून हाताने नवा पंचनामा लिहिला, एकेक वाक्य वाचून दाखवत, आणि संशयिताने एकेक वाक्य मराठीत सांगितलं. आक्षेपार्ह वस्तू मिळून आली नाही. आम्ही सह्या केल्या. चहावाला म्हणाला, आपल्या हयातीत संपूर्ण ऐकलेला हा पहिलाच. संशयिताने दोन सह्या केल्या, एक त्या नात्याने आणि एक दुभाषी म्हणून. जमादारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की त्याला यावं लागणार नाही. हे वाक्य त्याने आम्हाला सांगितलंच नाही. आधी बायकोला सांगितलं. तिने पिशवीतून शर्ट काढला, झटकला आणि झोपडीतल्या दोरीवर टाकला. भाकऱ्या आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी हवालदार बाजारात भेटले. मोटारसायकल मालकाच्या मेव्हण्याकडे सापडली होती. मेव्हणा त्याच राज्यातला असल्यामुळे समन्वयाची गरज पडली नाही. माझ्या भाडेकरूच्या अर्जाचं काय झालं, हे मी विचारलं नाही. भाडेकरू तोपर्यंत खोली सोडून गेला होता.

आणखी एक सांगायचं राहिलं. हाताने लिहिलेल्या नव्या पंचनाम्याचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. दुभाष्यावर माझा विश्वास होता, पण सवय वाईट. मूळ प्रत ताडून पाहिल्याशिवाय झोप येत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या उडपी हॉटेलात गल्ल्यावर बसणाऱ्या गृहस्थांना मी तो वाचायला दिला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. भाषांतर चोख होतं. फक्त वाटेच्या वर्णनातलं एक वाक्य दुभाष्याने गाळलं होतं, आणि नेमकं तेच त्याच्या सगळ्यात फायद्याचं होतं: वाट इतकी चढाची आहे की कुठलंही वाहन जाणं शक्य नाही, महिला पंच चार वेळा खाली बसल्या.

मी पाच वेळा बसले होते.