देव्हाऱ्यातली फडकी

देवावरच्या रागापासूनच सुरुवात करते. तो राग नव्हताच असं लिहिलं तर पुढचं सगळं खोटं ठरेल. लढाईची वर्षं होती. त्या पावसाळ्यात माझी दोन वर्षांची मुलगी तापानं गेली. महडच्या वरदविनायकाला तिच्यासाठी मी काय काय बोलले होते! संकष्ट्या केल्या, एकवीस मोदकांचं कबूल केलं, अनवाणी येईन म्हटलं. त्यानं काही ऐकलं नाही. तेव्हापासून देवापुढे दिवा लावायची, पण हात जोडायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "अगं, देवाशी वैर धरून कुठं जाशील?" मी म्हणायची, "वैर त्यानं धरलंय, मी नाही." तोंडाची फटकळ मी पहिल्यापासूनच.

आमचं घर कडावच्या अलीकडच्या एका गावात. हे खालापूरच्या कचेरीत कारकून होते, तिथंच खोली घेऊन राहायचे, महिन्यातून एकदा घरी यायचे. माघ महिन्यात त्यांच्याबरोबरच्या कारकुनाचं कार्ड आलं. 'तापाने अंथरुणाला खिळले आहेत. मुलांची आठवण काढतात. निघून यावे.' तापाचं वाचून मी घाबरले, पण त्याहून जास्त घाबरले त्या 'आठवण काढतात'ला. धडधाकट माणूस काही बिछान्यात पडून मुलांची आठवण काढत नाही.

घरात वालाची मळणी चालली होती. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, चार दिवस थांबा. खळं आवरलं की मीच घेऊन जातो." माणूस वाईट नव्हता, खळ्यावर दुसरं कोणी नव्हतं हेही खरं. पण मी म्हटलं, "चार दिवसांनी काय पांढरं कपाळ घेऊन जाऊ?" बोलून गेल्यावर माझी मलाच भीती वाटली, पण आता मागं फिरणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दिरांनी बैलगाडीनं आम्हाला कर्जतला सोडलं आणि मान खाली घालून ते परत गेले. मी, सात वर्षांची शकू, चार वर्षांचा वसंता आणि कडेवर आठ महिन्यांची तान्ही. एक बोचकं, एक तांब्या, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या.

खोपोलीची गाडी सुटून गेली होती. पुढची केव्हा, हे स्टेशनवर कोणी धड सांगेना. एखादी शहाणी बाई बसून राहिली असती. मी बाहेर उभ्या असलेल्या खोपोलीच्या मोटरीत चढले. तेव्हा पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. मागच्या बाजूला एक शेगडी बसवलेली, क्लीनर तिचा पंखा फिरवून फिरवून घामाघूम व्हायचा, तेव्हा कुठं ते धूड हलायचं. जरा चढ लागला की उतारूंनी उतरून ढकलायचं. पळसदरीच्या पुढं एका चढावर तिनं जी मान टाकली, ती टाकलीच. ड्रायव्हर म्हणाला, "आज काय व्हायचं नाय. उद्या बघू." उतारू आपापल्या वाटेनं पांगले. एका म्हाताऱ्यानं डोंगराच्या कडेची पायवाट दाखवली. म्हणाला, "हिनं गेलीस तर पुढं खोपोलीची सडक लागंल. लांब नाय." त्याच्या पायांना ती लांब नसेल.

त्या वाटेचं काय सांगू! सुरुवातीला वसंता उड्या मारत चालला, मग रडत चालला, मग चालेचना. त्याला उचलावं तर तान्ही कुठं ठेवू? शकूनं बोचकं डोक्यावर घेतलं होतं, ते सारखं घसरत होतं आणि ती बिचारी तोंडातून ब्र काढत नव्हती. थोडा वेळ वसंताला पाठीवर घेतलं, थोडा वेळ तान्हीला शकूकडे दिलं. तांब्यातलं पाणी संपलं. वाटेला दोन फाटे फुटले, मी डावीकडचा धरला आणि तो एका कोरड्या ओढ्यात जाऊन संपला. ऊन डोक्यावर आलेलं. तान्ही रडून रडून निपचित पडली होती, तेच जास्त भिववत होतं. मी एका धोंड्यावर बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "एक नेलीस. आता त्यांनाही नेणार, आणि ही तिघं इथं रानात. घे, सगळंच घे. पुरे झालं तुझं." शकू माझ्याकडे बघत राहिली. आई कोणाशी बोलतेय, हे तिला कळेना.

तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून एक कातकरीण आली. डोक्यावर लाकडाची मोळी, अंगात चोळी, खांद्यावरून फडकी घेतलेली. फडकी म्हणजे त्या बायका पदरासारखं अंगावर घेतात ते कापड, थंडीवाऱ्याला त्यांना तेवढंच. मला पाहून ती थांबली. "कुटं चाललीस गं, यवढी पोरं घेवून?"

मी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही. कार्ड, ताप, मोटर, सगळं एकदम बाहेर पडलं असणार. तिनं मोळी झुडपाआड टाकली, कुठूनशा खड्ड्यातलं थंड पाणी तांब्यात भरून आणलं आणि तान्हीला घ्यायला हात पुढं केले. आणि मी तान्हीला छातीशी ओढलं. एका क्षणाचीच गोष्ट. विचार करून केलं नाही, पण ते शिवाशिवीचं होतं, दुसरं काही नव्हतं. तिला ते कळलं. तिनं खांद्यावरची फडकी सोडली, माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "मग तूच बांद पाठीला. हात मोकळं ऱ्हातील." मला बांधता येईना. शेवटी तिनंच तान्हीला माझ्या पाठीशी घट्ट बांधलं, वसंताला आपल्या खांद्यावर बसवलं, शकूच्या डोक्यावरचं बोचकं काढून घेतलं आणि चालू लागली. मी मुकाट्यानं मागं. जन्मात एवढी मुकाट मी कधी चालले नव्हते.

सडकेला लागलो तेव्हा भट्टीवरच्या कोळशाच्या पोत्यांनी भरलेली एक बैलगाडी चालली होती. तिनं गाडीवानाला हाक मारली. तो म्हणाला, "मी खोपोलीपातुर जातंय." ती म्हणाली, "खोपोलीपातुर नाय, खालापुरास सोडायचं. बाईचा दादला आजारी हाय. वाटंत उतरवलंस तर बग." गाडीवान हसला आणि बैलांना थोपवलं. आम्ही पोत्यांवर चढलो. ती लगेच मागं वळली, मोळी कोणी उचलली तर दिवस फुकट जाईल म्हणून. गाडी वळणावर गेली तेव्हा ती रानात शिरताना दिसली, उघड्या खांद्यांची.

खोटं कशाला लिहू? फडकी माझ्याच अंगावर आहे, हे मला त्या वळणावर आठवलं होतं. हाक मारली असती तर पोचलीही असती. पण तान्ही तिच्यात गाढ झोपली होती, पुढं वाट लांब होती, आणि मनात म्हटलं, देऊ नंतर. कुणाला देणार होते? मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

खोपोली मागं पडली. उन्हं कलता कलता महडचा फाटा आला. देऊळ तिथून दिसत नाही, नुसती झाडी दिसते. माझे दोन्ही हात मोकळे होते. किती महिन्यांनी ते आपणहून जोडले गेले. मी काही मागितलं नाही. मागायची धमकच उरली नव्हती. एवढंच म्हटलं, "बाबा, तुझं तू बघ. माझ्याच्यानं आता होत नाही." आणि छातीवरचा धोंडा कोणी उतरवून ठेवावा तसं झालं. हे आहेत की गेले, हे अजून कळायचं होतं, तरीही झालं. कसं ते मला समजावून सांगता येणार नाही. मी रडले, आणि मुलांना वाटलं आईच्या डोळ्यांत कोळसा गेला.

दिवेलागणीला खालापुरात पोचलो. गाडीवानानं दारात उतरवलं. मला आत जायचा धीर होईना, उंबऱ्यातच उभी राहिले. वसंता मात्र आत घुसला. आतून क्षीण आवाज आला, "हा कोण काळा राक्षस आला रे?" आणि मी उंबरा ओलांडला. तिघंही मुलं कोळशानं नखशिखांत माखली होती. ह्यांच्या अंगात हाडं तेवढी उरलेली, पण ते हसत होते. पुढं आठेक दिवस ताप चढत उतरत राहिला आणि मग गेला. शेजारच्या खोलीतले कारकून म्हणायचे, मुलं आली त्या संध्याकाळपासून वहिनी, माणूस पेज मागून प्यायला लागला.

आम्ही तिथंच बिऱ्हाड केलं. फडकी मी स्वच्छ धुतली, घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवली. माझी खात्री झाली होती की ती बाई कोणी साधीसुधी नव्हतीच. नेमकं त्या ओढ्यात, नेमकं मी नको नको ते बोलल्यावर येते काय, पाणी आणते काय, गाडी थांबवते काय! येईल त्याला मी ही हकीकत सांगायची. बायका फडकीला हळदकुंकू वाहायच्या, मीही रोज वाहायची. हे एकदा म्हणाले, "अगं, पण त्या बाईला तिची फडकी नको का परत?" मी म्हटलं, "देवाला काय कपड्यांची वाण?" ते हसले. "देवाचं ठीक आहे गं. बाईचं विचारतोय मी." मी उठून चुलीकडे गेले.

अशी दोन वर्षं गेली. कापडावर कंट्रोल आला होता. पैसे देऊनही लुगडं मिळेना, मग रानातल्या बायकांचं तर विचारायलाच नको. त्या थंडीत एका सकाळी तान्हीला घेऊन बाजारात गेले होते. आता ती तिसऱ्यात होती, पण सगळे अजून तान्हीच म्हणायचे. लाकूडवाल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं खांद्यावर गोणपाट घेतलं होतं, सुतळीनं गळ्याशी बांधून. तिनं मला न्याहाळलं, मग तान्हीकडे पाहिलं.

"हीच का गं ती? जगली व्हय! आनि दादला?"

मी म्हटलं, "आहेत. बरे झाले. तुझ्यामुळं." आणि वेड्यासारखं पुढं बोलले, "तू माझ्यासाठी देवीच होऊन आलीस."

ती मोठ्यानं हसली, शेजारणीही हसल्या. "देवी? देवीला मोळी वाहाया लागतंय का रं देवा! आनि त्या दिवसाची ती मोळी बी गेली. कुनीतरी नेलीच."

मी तिच्या गोणपाटाकडे बघत होते. दोन हिवाळे. मी उदबत्ती ओवाळत होते आणि तिच्या अंगावर हे. तान्हीचा हात धरून मी धावत घरी गेले. हे कचेरीत निघाले होते, माझ्याकडे बघून दारातच थांबले. मी देव्हाऱ्यातून फडकी काढली. पेटीतलं कंट्रोलचं नवं लुगडं, त्या वर्षीचं माझं एकुलतं एक, तेही घेतलं. ह्यांनी नुसती मान हलवली.

तशीच तान्हीला घेऊन मी बाजारात परतले. तिनं फडकी हातात घेतली, वास घेतला, झटकली. हळदकुंकवाचा धुरळा उडाला. "ह्याला काय फासलंस गं? धुवाया पायजे." पण थांबली नाही. गोणपाट सोडून तिथंच तिनं फडकी खांद्यावर घेतली. नवं लुगडं मात्र तिनं माझ्याकडे परत सरकवलं. "हे नको, बाय. हे नेसून गेले तर चोरलं म्हनून धरतील मला."

मी तिच्यापुढं खाली बसले आणि मान खाली घालून विचारलं, "तुझं नाव काय?"

"बुधी," ती म्हणाली. दोन वर्षं जे मला विचारायचं सुचलं नव्हतं, ते इतकं लहान होतं. मी म्हटलं, "बुधीबाई, माझं चुकलं." तिनं काय चुकलं ते विचारलं नाही. वळणावरचं तिला ठाऊक नव्हतं. आधीचं, ओढ्यातलं मात्र ठाऊक होतं, आणि तिच्या लक्षातही होतं, कारण तान्हीकडे बघूनसुद्धा तिनं हात पुढं केले नाहीत.

मग मीच तान्हीला उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. भर बाजारात, सगळ्यांसमोर. तान्ही परक्या माणसाला बिलगणारी पोर नव्हे, पण तिनं फडकीचं टोक मुठीत धरलं आणि तशीच बसली. बुधीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "बाय माजी, केवडी झाली," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्यानंतर ती बाजारला आली की आमच्या पडवीत टेकायची, भाकरी खाऊन जायची. माझं एक जुनं लुगडं तिनं पुढं एकदा हक्कानं मागून नेलं, नवं कधीच नेलं नाही. देव्हाऱ्यातली तिच्या फडकीची जागा मी मोकळीच ठेवली आहे. माझ्या हाकेला देवानं ओ दिली यात मला आजही तिळमात्र शंका नाही. पण त्यानं पाठवलेल्या बाईला मी देव करून टाकलं, कारण देवाची फडकी परत द्यावी लागत नाही. देवाला शरण जायला मला एक दुपार पुरली. बुधीपुढं मान खाली घालायला दोन वर्षं लागली.

त्या दिवशी बाजारात तान्ही तिच्या मांडीवर होती आणि माझे हात पुन्हा मोकळे होते. ते जोडले गेले. या वेळी महडच्या झाडीकडे नव्हे. बुधी म्हणाली, "आता गं काय हे? उठ, गिऱ्हाईक खोळंबलंय."