नाकात नळी, अख्ख्या पेठेदेखत

छातीच्या ओपीडीत फिजिओथेरपिस्ट म्हणून पंधरा वर्षं काढली. लोकांचे श्वास मोजायला गेले आणि किस्से गोळा करून आले! आमच्या म्हाताऱ्या पेशंटांना जिना चढवत नसे, पण तोंड कधी थकलं नाही.

मुरगूडच्या अक्कांचंच बघा. जन्म चुलीच्या धुरात गेलेला. श्वास मोजायच्या मशीनची नळी त्यांच्या तोंडाशी धरून मी ओरडत होते, "फुंका, फुंका, अजून फुंका!"

अक्कांनी नळी बाजूला केली. "पोरी, चाळीस वर्सं चूल फुकली म्हणून तर हितं आलोय. आणि परत फुकायलाच सांगतीस व्हय?"

शिवाजी पेठेतले मल्लाप्पाण्णा फौंड्रीत वाळूचे साचे करणारे मोल्डर होते. वाळूच्या धुळीनं फुफ्फुसं खाल्लेली. नव्या डॉक्टरांनी विचारलं, "अलीकडं जगायचा कंटाळा येतो का?"

"तुमच्या बाकड्यावर तीन तास बसून कुणाला येत न्हाय?"

सगळी ओपीडी हसली. डॉक्टर हसले नाहीत.

त्यांचीच शंका बरोबर निघाली. घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आला आणि अण्णा यायचेच बंद झाले. बायकोचा फोन आला, "मॅडम, ह्यांनी दाढी सोडली, बोलणं सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडत्यात."

मी घरी गेले. अण्णा एवढंच म्हणाले, "नाकात नळी घालून पेठेत हिंडू? त्यापरीस गेल्यालं बरं."

डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली, तर भडकले. "मला येड लागलंय व्हय?"

ओपीडीच्या बाकड्यावरून हे अक्कांना कळलं. भांडायलाच एसटीनं आल्या, मला घेऊन थेट अण्णांच्या घरी. समोरासमोर दोघं पाच मिनिटं नुसती धापा टाकत बसली. भांडण सुरूच होईना!

शेवटी अक्का म्हणाल्या, "ती गोळी मी बी घेतोय. सा म्हैनं झालं. छातीला औषध चालतंय, मग मनानं काय घोडं मारलंय?"

अण्णांनी बायकोकडं पाणी मागितलं. गोळी घेतली. दोनेक महिन्यांनी एका सकाळी स्वतःहून दाढीचं सामान मागितलं.

त्या आठवड्यात पेठेच्या टीमची फुटबॉल मॅच होती. बायकोनं छोटा सिलिंडर चाकाच्या गाडीवर ओढत आणला आणि अण्णा, नाकात नळी, अख्ख्या पेठेदेखत मैदानावर! मीही गेले होते.

शेजारच्या माणसानं विडी काढली, काडी ओढणार तेवढ्यात मी किंचाळले, "अहो, ऑक्सिजन आहे! भडका उडेल!"

तो जागीच थिजला. अण्णांनी चेंडूवरची नजरसुद्धा हलवली नाही.

"पेटवा की, पावणं! फकस्त मॅच संपूस्तवर थांबा. मग दोघं मिळूनच जाऊ!"